बर्फ वितळेपर्यंत वाजवायचं

मैत्रिणींनो, एक मैफल डोळ्यांसमोर आणा. वाजवणारी रंगमंचावर नाही, रस्त्यावर उभी आहे. पायांत बर्फावर घसरायचे बूट, ज्यांच्या तळाला लोखंडी पाती असते ते. आणि ती पाती बर्फाच्या दोन लाद्यांमध्ये गोठवून टाकलेली. म्हणजे बाईला जागचं हलता येत नाही. हातात व्हायोलिन. त्या व्हायोलिनच्या पोटात एक छोटा स्पीकर बसवलेला. त्यातून आधी टेप करून ठेवलेलं व्हायोलिन वाजतंय, आणि ही त्याच्या जोडीने वाजवतेय. स्वतःची स्वतःशीच जुगलबंदी! टेप गोल गोल फिरत राहणारी, तिला शेवट नाही. मग मैफल संपायची केव्हा? तर बर्फ वितळला की. पाती मोकळी झाली, तोल जायला लागला, की कार्यक्रम संपला असं समजायचं.

१९७४-७५ साली न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर हा प्रकार करणारी मुलगी होती लॉरी अँडरसन. वय सत्तावीस. (आज तिने सत्तरी केव्हाच ओलांडली आहे. पण मी लिहितेय ते मुख्यतः तिच्या तरुणपणाबद्दल, म्हणून एकेरीच लिहिते.) १९७५ मध्ये तिने हेच इटलीत, जिनोवा शहरात केलं. जमलेल्या लोकांना तिने मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये सांगितलं, की ही गाणी मी माझ्या आजीच्या आठवणीत वाजवतेय. आजी गेली त्या दिवशी मी एका गोठलेल्या तळ्यावर चालत गेले होते, आणि तिथे मला खूपशी बदकं दिसली, नव्याने धरलेल्या बर्फात त्यांचे पाय अडकून बसले होते. गर्दीतल्या एकाने शेजारच्याला समजावून सांगितलं, की ही आणि हिची आजी एकदा दोघी मिळून तळ्यात गोठल्या होत्या म्हणे, म्हणून ही वाजवतेय! स्वयंपाकघरातून दिलेला निरोप बाहेरच्या खोलीत पोचेपर्यंत त्याचं जे होतं, तेच इथेही झालं. हा किस्सा लॉरी स्वतःच हसत सांगते.

आता तुमच्यापैकी काहीजणी म्हणतील, हे काय थेर? खरं सांगते, प्रथम वाचलं तेव्हा माझ्याही मनात तेच आलं. पण वाजवता वाजवता ती लोकांशी जे बोलायची ते ऐका. बर्फावर घसरणं आणि व्हायोलिन वाजवणं, दोन्हींत एक पातळ वस्तू एका पृष्ठभागावरून सरकत असते. दोन्हींत सगळा खेळ तोलाचा. तोल जातो, सावरतो, परत जातो. चालणंही तसंच आणि संगीतही तसंच. हे वाचल्यावर मला त्यात थेर दिसेना.

आठ भावंडांतली दुसरी

लॉरीचा जन्म ५ जून १९४७ चा, शिकागोजवळच्या ग्लेन एलिन नावाच्या गावातला. आठ भावंडं, त्यांत ही दुसरी. म्हणजे घरात काय गजबज असेल याची कल्पना तुम्हाला मी द्यायला नको. लहानपणापासून व्हायोलिन. हात इतका चांगला, की शिकागोच्या मुलांच्या वाद्यवृंदात तिला जागा मिळाली. आणि मग सोळाव्या वर्षाच्या सुमारास तिने ते सोडून दिलं. कोणी सोडायला लावलं नाही. तिचं म्हणणं असं, की यात खरंच पुढे जायचं तर दिवसच्या दिवस रियाज करावा लागेल आणि मग जगातलं दुसरं काहीच शिकायला वेळ उरणार नाही.

आपल्यापैकी कितीजणींची पेटी किंवा तंबोरा माळ्यावर गेला, तो काही असा विचार करून गेला नाही. सासरी जागा नव्हती, मग मूल झालं, मग राहिलंच. लॉरीचं व्हायोलिन मात्र परत आलं. पण परत आलं ते ओळखू येणार नाही अशा रूपात, त्याबद्दल पुढे लिहितेच.

लहानपणच्या दोन घटना ती पुन्हा पुन्हा सांगत आली आहे. पहिली अशी. एका हिवाळी संध्याकाळी ती आपल्या जुळ्या धाकट्या भावांना बाबागाडीत घालून गोठलेल्या तळ्यावरून घेऊन चालली होती. बर्फ तडकला, आणि गाडीसकट दोघं काळ्या पाण्यात! तिच्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता आई मला मारणार. तिने बुडी मारली, एकाला ओढून काढलं, बर्फावर टाकलं. परत बुडी मारली, खाली चिखलात रुतलेली गाडी शोधली, दुसऱ्याला काढलं. दोघांना काखोटीला मारून भिजलेली, गारठलेली पोर घरी धावत सुटली. दारात आई. लॉरीने घडलं ते सांगितलं. आईने मारलं नाही. म्हणाली, तू इतकी चांगली पोहतेस, आणि इतकी छान बुडी मारतेस, हे मला माहीतच नव्हतं.

ही गोष्ट तिने २०१५ साली 'हार्ट ऑफ अ डॉग' नावाच्या आपल्या चित्रपटात सांगितली, आणि ती कशासाठी सांगितली हे कळल्यावर माझ्या घशात आवंढा आला. आईवर आपलं प्रेम नव्हतं, असं ती त्या चित्रपटात उघड म्हणते. आई मरणपंथाला लागली तेव्हा तिला काही सुचेना. ध्यान शिकवणाऱ्या गुरूंनी सांगितलं, आईने तुझ्यावर मनापासून प्रेम केलं असा एक तरी क्षण शोध. पुष्कळ शोधल्यावर तिला सापडला तो हा, तळ्यावरून भिजून आल्याचा. आठ मुलांच्या आईच्या वाट्याला लेकीच्या आठवणीत एक क्षण. आपल्याकडे 'आईवर प्रेम नाही' हे वाक्य कोणी मोठ्याने उच्चारत नाही, पण मनात तशी अढी घेऊन माहेराहून परतणाऱ्या बायका मला माहीत आहेत. तुम्हालाही असतील.

दुसरी घटना तिच्या बाराव्या वर्षाची. पोहण्याच्या तलावाच्या उंच फळीवरून तिने कसरत करत उडी मारली आणि ती पाण्यात न पडता काठाच्या काँक्रीटवर पडली. पाठीचा कणा मोडला. कित्येक आठवडे इस्पितळात. डॉक्टर म्हणाले, ही पुन्हा चालणार नाही. भेटायला येणारी मोठी माणसं तिला बाळबोध गोष्टी वाचून दाखवायची, आणि ही त्याआधी चार्ल्स डिकन्सच्या जाड कादंबऱ्या वाचत होती! हे ती पुढे वर्षानुवर्षं लोकांना सांगत राहिली, कधीकधी लोक हसायचेही. आणि एके दिवशी सांगता सांगता तिच्या लक्षात आलं, की यातलं मुख्य तेच आपण गाळत आलो. त्याच वॉर्डात भाजलेली मुलं होती. रात्री त्यांचं कण्हणं, रडणं ऐकू यायचं. सकाळी एखादी खाट रिकामी दिसायची. गोष्ट सांगून सांगून गुळगुळीत झाली की आपण ती जितकी जास्त सांगतो तितकी ती विसरत जातो, असं तिचं म्हणणं. माझ्या मते तिच्या सगळ्या कामाची किल्ली या एका जाणिवेत आहे. तंत्र, यंत्रं, दिवे हे सगळं नंतरचं. ती मुळात गोष्ट सांगणारी बाई.

वर्तमानपत्रं विणणारी मास्तरीण

१९६६ च्या सुमारास ती न्यूयॉर्कला आली. १९६९ मध्ये बार्नर्ड कॉलेजातून कलेचा इतिहास घेऊन बी. ए. झाली, १९७२ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून शिल्पकलेची पदवी घेतली. शिल्प म्हणजे दगड-छिन्नी असं मनात आणू नका. हिने काय केलं, एका बाजूला 'न्यूयॉर्क टाइम्स' आणि दुसऱ्या बाजूला 'चायना टाइम्स' घेतला, दोन्हींच्या पट्ट्या कापल्या आणि चटई विणतात तशा आडव्या-उभ्या विणल्या. दोन्हीकडच्या बातम्या एकमेकींत अडकून गेल्या. रद्दी विकायच्या आधी एकदा करून बघा, मुलांना सुट्टीत तेवढाच उद्योग.

पोटासाठी ती शिकवायची. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात संध्याकाळचे वर्ग, विषय प्राचीन इजिप्तची वास्तुकला आणि असीरियाची शिल्पं. वर्गात अंधार, पडद्यावर स्लाइड. आणि स्लाइड आली की कधीकधी बाईंना त्यातलं अक्षरही आठवायचं नाही! मग काय, ती तिथल्या तिथे एखाद्या राजाची गोष्ट रचून सांगायची. मुलं बिचारी ते वहीत उतरवायची आणि परीक्षेत तेच लिहायची. मी स्वतः दुपारच्या शाळेत अर्धवेळ इतिहास शिकवते, त्यामुळे हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. पण हसूही आलं. तिचं पुढचं सगळं आयुष्य याच धंद्यात गेलं: अंधारी खोली, पडद्यावर चित्रं, आणि पुढे उभं राहून बोलणारी एक बाई. फरक एवढाच, की पुढे कोणाची परीक्षा घ्यायची नव्हती.

त्याच काळात, १९७२-७३ मध्ये, तिने आणखी एक विचित्र प्रयोग केला. ज्या जागी आपण झोपतो ती जागा आपल्या स्वप्नांत उतरते का, हे बघायला ती सार्वजनिक जागी झोपू लागली. रात्रीच्या कोर्टात, समुद्रकिनाऱ्यावर, विद्यापीठातल्या बायकांच्या स्वच्छतागृहात. उठली की स्वप्न लिहून ठेवायची. बाई एकटी, शहर न्यूयॉर्क. धाडसाचं कौतुक वाटतं, आणि माझ्यातली आई मात्र म्हणते, अगं कशाला!

पण १९७३ सालचं तिचं एक काम मला सगळ्यांत आवडलं, आणि ते तुम्हालाही आवडेल याची मला खात्री आहे. तिच्या वस्तीतल्या रस्त्यावरून जाताना पुरुष काहीबाही बोलायचे. कसं बोलायचे ते सांगायची गरज नाही, बसस्टॉपवर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकीने ते ऐकलेलं आहे. आपण काय करतो? मान खाली घालतो, पदर सारखा करतो, चाल वाढवतो. लॉरीने कॅमेरा घेतला. कोणी काही बोललं की ती थांबायची, वळायची आणि त्याचा फोटो काढायची. समोरचा आधी गडबडून जायचा, ही पोलिसांची माणूस की काय! आणि पुढे गंमत अशी, की त्यांतले बरेचजण खूश होऊन चक्क फोटोसाठी उभे राहिले. हे फोटो तिने मांडले तेव्हा प्रत्येकाच्या डोळ्यांवरून पांढरी पट्टी ओढली. ज्यांची नजर बोचत होती त्यांची नजरच पुसून टाकली. आरडाओरडा नाही, भाषण नाही.

मोटारींचा ताफा, कोपरांचं गाणं

व्हर्माँट राज्यात रॉचेस्टर नावाचं एक लहान गाव आहे. तिथे उन्हाळ्यात गावच्या हिरवळीवर बँड वाजायचा. लोक मोटारी घेऊन यायचे, मोटारीतच बसून ऐकायचे, आणि टाळ्या वाजवायच्या ऐवजी हॉर्न वाजवायचे. १९७२ मध्ये लॉरीने तो प्रकार पाहिला. तिला वाटलं, बँडपेक्षा हे हॉर्नच ऐकण्यासारखे आहेत! मग तिने हॉर्नसाठी संगीतरचना केली. श्रोत्यांना बँडच्या मंडपात बसवलं आणि सभोवार मोटारी उभ्या केल्या. कोणाचा हॉर्न कुठल्या सुराचा हे आधी बघून वादक निवडले होते. आपल्या रस्त्यांवर राहणाऱ्या आपल्याला हॉर्नचं संगीत ऐकायची हौस नाही, हे मान्य. पण उलटा विचार करण्याची ही रीत लक्षात ठेवा, ती पुढे पावलोपावली येते.

आणि एका गोष्टीचा शोध तर तिला चक्क वैतागातून लागला. विजेवर चालणाऱ्या टाइपरायटरवर ती काहीतरी लिहीत होती. जमेना. कंटाळून तिने कोपरं टेबलावर टेकली आणि डोकं दोन्ही हातांत धरलं, कानांवर तळवे. आणि एकदम तिला टाइपरायटरची घरघर खणखणीत ऐकू यायला लागली! आवाज टेबलाच्या लाकडातून कोपरांत, कोपरांतून हाताच्या हाडांत, तिथून थेट कानांत. त्यावरून तिने एक टेबल बनवलं, १९७८ साली ते न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात मांडलं होतं. वरून साधं लाकडी टेबल. त्यात आतून संगीत सोडलेलं, पण खोलीत ते ऐकू येत नाही. टेबलावर ठराविक जागी खोलगट खळगे. दोन माणसांनी समोरासमोर बसायचं, कोपरं त्या खळग्यांत टेकायची, कान झाकायचे. मग गाणं सुरू. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, दोघं डोक्याला हात लावून कसल्या विवंचनेत बसलीत!

हे तुम्ही घरी करू शकाल. टिकटिकणारं गजराचं जुनं घड्याळ असेल तर ते लाकडी टेबलावर उभं ठेवा. नसेल तर मोबाइल नुसता थरथरण्यावर लावून टेबलावर ठेवा आणि मुलाला दुसऱ्या फोनवरून रिंग द्यायला सांगा. कोपरं टेबलावर टेका, तळव्यांनी कान घट्ट बंद करा. सनमायक्याच्या टेबलापेक्षा नुसत्या लाकडाचं बरं. माझ्या वर्गातल्या मुलींनी हे बाकावर करून बघितलं, आणि तो तास इतिहासाचा राहिला नाही.

गजावरची फीत

आता व्हायोलिनकडे येते. व्हायोलिनचा गज घोड्याच्या शेपटीच्या केसांचा असतो हे तुम्हाला माहीत असेल. १९७७ साली लॉरीने, एका इलेक्ट्रॉनिक्सच्या जाणकाराच्या मदतीने, ते केस काढून टाकले आणि त्या जागी टेपरेकॉर्डरची फीत ताणून बसवली. त्या फितीवर आधीच काही शब्द टेप केलेले. आणि व्हायोलिनवर, जिथे तारा घोडीवरून जातात, तिथे टेपरेकॉर्डरचं हेड. गज ओढला की व्हायोलिन बोलतं! हळू ओढला तर जाड, घोगऱ्या आवाजात, भरभर ओढला तर चिरक्या. आणि गज उलटा ढकलला तर शब्द उलटा.

इथे एक मजा आहे. लहानपणी आपण 'रामाला भाला मारा' उलटसुलट वाचायचो, ती अक्षरांची उलटापालट. टेप उलटी फिरते तेव्हा अक्षर नाही, आवाजच उलटतो. इंग्रजीतलं 'से', म्हणजे 'बोल', उलटं वाजवलं की 'येस' ऐकू येतं. असे शब्द ती हुडकून काढायची. गज खाली येताना एक अर्थ, वर जाताना दुसरा. सोळाव्या वर्षी खाली ठेवलेलं वाद्य असं परत हातात आलं, आणि आता ते गाण्याऐवजी बोलत होतं.

पाचशे डॉलरचं गाणं

या सगळ्या वर्षांत तिला ओळखत होती ती न्यूयॉर्कच्या कलावंतांच्या वर्तुळातली माणसं. गोदामातल्या मोठ्या खोलीत राहायचं, मिळेल तिथे कार्यक्रम करायचा. १९८१ साली सरकारी अनुदानाच्या सुमारे पाचशे डॉलरमध्ये तिने एक गाणं टेप केलं, 'ओ सुपरमॅन'. एका छोट्या कंपनीने हजारभर तबकड्या काढल्या. लंडनच्या रेडिओवर जॉन पील या निवेदकाने ती वाजवली, आणि एकदम इंग्लंडहून मागणीचा पाऊस पडला, हजारोंनी. कुठून आणणार इतक्या? शेवटी वॉर्नर ब्रदर्स या मोठ्या कंपनीशी तिने करार केला. ऑक्टोबर १९८१ मध्ये ते गाणं ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. आठ मिनिटांहून मोठं गाणं, ज्याला धड ठेका नाही, नाचता येत नाही!

आहे तरी काय त्यात? सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच श्वास, 'हा हा हा हा' असा, तानपुऱ्यासारखा मागे चालू. त्यावर यंत्रातून गाळलेला तिचा आवाज, एका बाईचे अनेक झाल्यासारखा. फोन वाजतो. घरी कोणी नाही, म्हणून निरोप टेप करणाऱ्या यंत्रावर आधी आईचा आवाज येतो, लेक घरी येणार का म्हणून. मग दुसराच, अनोळखी आवाज, आणि विमानं येताहेत अशी खबर. मायेने जवळ घेणारे हात आणि शस्त्रं धरणारे हात यांतला फरकच शेवटी पुसला जातो. मास्ने या फ्रेंच संगीतकाराच्या १८८५ सालच्या 'ल सीद' ऑपेरातल्या एका प्रार्थनेवरून तिला हे सुचलं. आणि मनात होती ती एप्रिल १९८० मधली घटना: इराणमध्ये अडकलेल्या अमेरिकन ओलिसांना सोडवायला गेलेली मोहीम वाळवंटात फसली, आठ सैनिक मेले. एवढी बलाढ्य यंत्रं, आणि ऐन वेळी बंद पडली.

वीस वर्षांनी, सप्टेंबर २००१ मध्ये, न्यूयॉर्कचे ते दोन मनोरे विमानांनी पाडले. आठवडाभरानंतर तिचा त्याच शहरात कार्यक्रम आधीपासून ठरलेला होता. तिने तो रद्द केला नाही, आणि हे गाणंही म्हटलं. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण आहे. त्यात नवीन काही घातलेलं नाही, जुनेच शब्द आहेत. ऐकताना अंगावर शहारे येतात.

१९८३ च्या फेब्रुवारीत तिने ब्रुकलिनमध्ये 'युनायटेड स्टेट्स' हा कार्यक्रम केला. दोन रात्री मिळून सुमारे आठ तास. गाणी, गोष्टी, मागे भल्यामोठ्या पडद्यावर चित्रं आणि चित्रफिती, मध्येच अंधारात तोंडात पेटता दिवा. अशा कामाला हल्ली बहुमाध्यमी कला असा जड शब्द आहे. मला विचाराल तर आपल्या कीर्तनकाराला हे कळायला वेळ लागणार नाही. एकटा माणूस उभा, गातो, गोष्ट सांगतो, मध्येच सोंग आणतो, हसवतो, आणि हसता हसता नेमकं बोट ठेवतो. सोंगाचं म्हणाल तर लॉरीचं आवडतं सोंग पुरुषाचं. यंत्राने आवाज खाली उतरवायचा आणि एखाद्या साहेबाच्या थाटात सल्ले द्यायचे. त्याला ती अधिकाराचा आवाज म्हणते. त्या आवाजात तेच वाक्य म्हटलं की लोक ते कसं मान डोलावून ऐकतात! (बँकेत आपण विचारलं तर 'थांबा', आणि ह्यांनी विचारलं तर लगेच कागद पुढे, त्यातलाच प्रकार.) पुढे तिने ढोल वाजवणारं यंत्र सुटं करून त्याचे भाग अंगातल्या कपड्यांत शिवून घेतले. गुडघ्यावर थाप मारली की ढोल, छातीवर मारली की दुसरा.

तुम्ही विचाराल, लग्न? केलं, २००८ साली, साठीत! लू रीड हा रॉकसंगीतातला मोठा गायक. त्याआधी दीड दशक दोघं एकत्र होती. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये तो गेला. २००३ मध्ये नासा या अवकाशसंस्थेने तिला आपली पहिली निवासी कलावंत म्हणून बोलावलं. कोणीतरी चेष्टा करतंय असं वाटून तिने आलेला फोन ठेवून दिला होता म्हणे. २०२४ साली तिला संगीतातल्या जन्मभराच्या कामगिरीबद्दल ग्रॅमी पुरस्कार देण्यात आला, आणि त्याच वर्षी तिने अमेलिया एअरहार्टवर, समुद्रावर विमानासह नाहीशी झालेल्या त्या वैमानिक बाईवर, नवी तबकडी काढली.

पण मला सांगायचंय ते २०१२ सालचं. २९ ऑक्टोबरच्या रात्री सँडी नावाचं वादळ न्यूयॉर्कवर आलं आणि नदीचं पाणी तिच्या घराच्या तळघरात शिरलं. चाळीस वर्षांचं सामान तिथे ठेवलेलं. वाद्यं, पडद्यावर चित्रं टाकायची यंत्रं, कार्यक्रमांतल्या वस्तू, कागद. सगळं पाण्यावर तरंगत होतं, लगदा झालेलं. काय काय गेलं याची तिने यादी केली. आणि यादी वाचता वाचता तिच्या लक्षात आलं, की पुष्कळदा वस्तू असण्यापेक्षा तिचं नाव असणंही तितकंच चांगलं, कधी जास्तच. त्या यादीतून २०१८ मध्ये एक जाडजूड पुस्तक निघालं. वादळावर तिने चार तंतुवाद्यांच्या क्रोनॉस चमूबरोबर 'लँडफॉल' ही रचना केली, तिला २०१९ साली ग्रॅमी मिळालं. आणि ते भिजलेलं तळघर पाहून मनात आणखी एक विचार आला होता, असंही तिने सांगून ठेवलंय: चला, आता हे कधी आवरायला नको. दिवाळीच्या तोंडावर माळा काढणाऱ्या कुठल्याही बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही.